ताट कोणी धरलं होतं

विश्रामबाग, सांगली
५ नोव्हेंबर २०२५

प्रिय धुळा,

व्हॉट्सअ‍ॅपवरचे तुझे सगळे निरोप ऐकले. उत्तर पत्राने देतेय, कारण फोनवर तू मला मध्येच तोडतोस. पत्र तोडता येत नाही. फाडता येतं. खुशाल फाड, पण वाचून.

तुझं म्हणणं तुझ्याच शब्दांत लिहून ठेवते, नंतर वाद नको:

"अक्का, तू लय शिकलीस. आमाला कायद्यातलं कळत न्हाई. पर तेवीस तारखेला, रविवारी, बिरोबाच्या देवळात यायचं. समद्यांम्होरं भंडारा उचलायचा आन् म्हणायचं, म्या पुस्तकात लिवलंय ते समदं खोटं हाय. मग तात्या गप बसत्यात. न्हाई आलीस तर मला बहीण न्हाई."

येणार नाही.

ती कादंबरी आहे. बारा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली, चोर शोधायची. मुखपृष्ठावर 'कादंबरी' असं छापलंय. आतल्या पानावर प्रकाशकाने पात्रं काल्पनिक असल्याचंही छापलंय. शपथ घ्यायचीच असेल तर सगळ्याच पुस्तकांची घ्यावी लागेल. मागच्या एका पुस्तकात आयर्विन पुलाखालची मगर सोन्याचा हार गिळते. तिच्यासाठी अजून कोणी भंडारा मागितलेला नाही.

'दिव्याआडचा माणूस' मध्ये मेंढी नाही, धनगर नाही, बिरोबा नाही. कुंभारांची एक आळी आहे, ती मी मनाने वसवली. देवीची चांदीची घंटा चोरीला जाते. आळीतले सगळे एकेक करून पेटत्या दिव्यावर हात धरतात आणि म्हणतात, मी नाही घेतली. एक म्हातारा नकार देतो. मग सगळे त्यालाच चोर म्हणतात. शेवटी चौदा वर्षांची मुलगी शोधून काढते, की ज्याने दिवा धरला होता त्याला कोणी शपथच घातली नव्हती. घंटा त्याच्याकडे असते.

एवढंच आहे. हे पुस्तक तुझ्या प्रांजलला शाळेत बक्षीस मिळालं, तिने अंगणात मोठ्याने वाचून दाखवलं, भावकीतले नानासोतात्या चहा प्यायला आले होते. चहा अर्धा टाकून उठले आणि म्हणाले, "ह्ये माझ्यावर लिवलंय." मग तू ते पुस्तक पोरीच्या हातातून ओढून बंबात घातलंस. मला हे सगळं प्रांजलने नाही, आईने सांगितलं. पोरीवर ओरडू नकोस.

सोबत दुसरी प्रत पाठवतेय. बंब पेटवायला लाकडं नसतील तर तसं कळव.

तुझी,
अक्का


विश्रामबाग, सांगली
१२ नोव्हेंबर

धुळा,

पत्र वाचलंस, हे तुझ्या निरोपावरून कळलं. तू म्हणतोस, "तो म्हातारा कुंभार म्हंजी आपला आबा हाय. मला येडं समजू नगंस."

तुला वेडं कोणी समजत नाही. बरोबर ओळखलंस. तो आबाच आहे. मला आपल्या बापाची, आबाची गोष्ट लिहायची होती. मोठ्यांसाठी ती मी वेगळ्या भाषेत लिहितच आलेय. शपथ आणि पुरावा यावर माझे लेख छापून येतात, पोरं त्यांतून परीक्षेची टिपणं काढतात. हाच विषय का, हे तू कधी विचारलं नाहीस. विचारलंही नाहीस ते बरं झालं, तेव्हा मी काहीतरी दुसरंच सांगितलं असतं.

तू तेव्हा आईच्या कडेवर होतास. मी पाचवीत होते आणि दिवाळीच्या सुट्टीत आपल्या तळावर आले होते. तळ आष्ट्याजवळ, एका मळ्यात. खताच्या बदल्यात मळ्यात मेंढ्या बसवल्या होत्या. सगळ्या भावकीचे कळप एकत्र होते. एका सकाळी देवाचा एडका नव्हता. पांढराशुभ्र मेंढा, बिरोबाला सोडलेला. त्याला कोणी कापत नाही, विकत नाही, हाकलतही नाही. त्याचं मोठं कौतुक होतं, माझ्या हातची भाकरी खायचा.

कोल्हा नव्हता, कुत्री भुंकली नव्हती. म्हणजे घरचाच माणूस. मग रीतीप्रमाणे ताट आलं. ताटात हळद, म्हणजे देवाचा भंडारा. एकेकाने पुढे यायचं, चिमूटभर उचलायचा, कपाळाला लावायचा आणि म्हणायचं, मी केलं नाही. उचलला की सुटला. मग त्याला कोणी काही विचारायचं नाही. खोटा उचलला तर देव बघून घेईल.

सगळ्यांनी उचलला. आबाने नाही.

आबा म्हणाला, "एवढ्याशासाठी देवाला उठवायचं न्हाई. म्या न्हाई नेला. ऐकायचं तर ऐका."

नुसतं एवढं बोलून त्याचं आयुष्य गेलं. त्या संध्याकाळी कोणी त्याच्यापुढे भाकरी ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी आपल्या मेंढ्या वेगळ्या काढल्या. आपण एकटे चालत सांगलीला आलो. कळप विकून आबा मार्केट यार्डात हमालीला लागला. सांगलीला कसली पोती असतात तुला माहीत आहे. भंडारा उचलला नाही म्हणून हाकललेल्या माणसाने मरेपर्यंत पाठीवर हळद उचलली. आई त्याचे सदरे धुवायची, पण त्यांचा पिवळेपणा जायचा नाही.

तू मोठा झालास, वाडीला परत गेलास. तात्यांनी तुला जवळ केलं, लग्न जमवून दिलं. हे उपकार आहेत, मी नाकारत नाही. पण त्याच तात्यांच्या ओसरीवर बसून तू शिकलास, की आबाने एडका नेला. आणि परवाच्या निरोपात तू ते बोललासही: "आबानं केलं व्हतं म्हणूनच न्हाई म्हणला. समद्यांस्नी ठावं हाय."

आता नीट ऐक. एडका कोणी नेला, मला माहीत नव्हतं. माहीत नाही. कुंभारांच्या आळीतला चोर मी बनवला. अशा गोष्टीत चोर असा लागतो, जो पहिल्या पानापासून समोर आहे पण वाचणारा त्याला मोजत नाही. मी कित्येक दिवस शोधत होते. मग एका वर्गात साक्षीदाराला शपथ कशी देतात ते शिकवताना फळ्याकडे पाठ करून उभी राहिले आणि लक्षात आलं, शपथ देणाऱ्याला कोणीच शपथ देत नाही. म्हणून दिवा धरणारा. कसबाचा भाग होता, बाकी काही नाही. मला तर आष्ट्याला ताट कोणाच्या हातात होतं हेही आठवत नव्हतं. ताट आठवतं. हात नाही आठवत.

मग तात्या चहा टाकून उठले.

दिवा ऐकून ते ताटापर्यंत कसे पोचले, धुळा? कुंभार ऐकून धनगरापर्यंत? आबाला ओळखणं सोपं होतं, तू ओळखलंस. पण चोराच्या जागी स्वतःला त्यांनी कसं ओळखलं?

मी उत्तर देत नाही. प्रश्न पाठवतेय.

अक्का

ता. क. आईचं बोटाचं दुखणं कसं आहे? डॉक्टरकडे वडूजला ने. "नेतो नेतो" पुरे झालं.


विश्रामबाग, सांगली
१८ नोव्हेंबर

धुळा,

आज प्राचार्यांनी बोलावलं होतं. तपासणीची समिती येणार आहे. म्हणाले, "मॅडम, तुमचे शोधनिबंध उत्तम आहेत. ते पोरांच्या गोष्टींचं तेवढं माहितीपत्रातून काढूया का? समितीला वाटेल आपण गंभीर नाही." मी म्हटलं, पोरांच्या गोष्टी राहू द्या, निबंध काढा. ते हसले. मी नाही हसले. तसाच कागद परत दिला.

हे तुला का सांगते? तुझा कालचा निरोप ऐकला तेव्हा मी त्यांच्याच खोलीबाहेर बाकावर बसले होते.

"अक्का, तुला कसं सांगू. यात्रंला तात्या ताट सोडणार हायत. त्यांचं हात कापत्यात आता. ताटाचा मान मला देतो म्हणालेत. आबाच्या पोराला. आबाला ज्या ताटावरनं हाकललं, त्येच ताट आपल्या घरात येतंय. आन् तू नेमकं आत्ता..."

तिथे तुझा आवाज थांबलाय. पुढे नुसती गाडीची घरघर आहे.

हे तू आधी का नाही सांगितलंस? मी समजत होते, तू तात्यांची बाजू घेतोयस. तू आबाचीच घेत होतास. तुझ्या परीने. आबा चोर होता असं मानून त्याचं घर पुन्हा वर आणायला निघालास.

म्हणजे आपण दोघं एकच काम करतोय. फक्त तू म्हणतोस, झालं ते झालं, आता मान घेऊ. मी म्हणते, झालंच नव्हतं.

दोन गोष्टी. पहिली: मी आले नाही तर तुझ्या घरी कोणी पाय ठेवणार नाही, असं तात्या म्हणालेत हे आईने सांगितलं. असं वाळीत टाकणं गुन्हा आहे. महाराष्ट्रात त्याला स्वतंत्र कायदा आहे, मी तो शिकवते. मी तक्रार करणार नाही, घर तुझं आहे. पण कोणाच्याही ओसरीवर मान खाली घालून बसण्याआधी तुला हे माहीत असावं.

दुसरी: रविवारी मी येतेय.

माफी मागायला नाही. माझी एक मैत्रीण वकील आहे, ती म्हणते, "कादंबरी खोटी असतेच, मग खोटी आहे म्हणून शपथ घ्यायला तुझं काय जातं? उचल आणि ये घरी." बरोबर आहे. महिन्यापूर्वी उचलला असता. तात्या उठले त्या दिवसापासून, मी लिहिलेलं खोटं आहे की नाही, हे मला सांगता येत नाही. आणि सांगता येत नाही त्याची शपथ मी घेत नाही. या बाबतीत मी आबाची मुलगी आहे.

कोर्टात आरोपीला कोणी शपथ घ्यायला भाग पाडू शकत नाही. तो गप्प राहिला म्हणून त्याला दोषी धरत नाहीत. हे कळायला माणसांना शेकडो वर्षं लागली. आबाला ते आष्ट्याच्या मळ्यात उभ्या उभ्या कळलं होतं.

तू देवळात ये. न आलास तरी मी येणारच.

अक्का


वडूज, एसटी स्टँड
रविवार, २३ नोव्हेंबर

धुळा,

गाडीला वेळ आहे. तोवर लिहून काढते. तू आत आला नाहीस. देवळाला पाठ करून पिकअपला टेकून उभा राहिलास. आत काय झालं ते वाडीत तुला दहा जण दहा प्रकारे सांगतील. मी जबानीसारखं सांगते. पाहिलं ते आणि ऐकलं ते.

भावकीतले सगळ्यात थोरले कोंडीबाबा, त्यांनी मला पुढे बसायला सांगितलं. "ये बाय. च्या घेतलास का?"

मी म्हटलं, "आधी हे उरकू द्या, बाबा. मला परत जायची गाडी आहे."

"आं? देवाच्या दारात बी टायमटेबल?" बायका हसल्या. मीही हसले. इतपत सगळं बरं होतं.

तात्या पांढऱ्या पटक्यात, हातात ताट. हात खरंच कापतात त्यांचे. ताटातली हळद हलत होती. म्हणाले, "उचल पोरी. देवाम्होरं कसली लाज?"

मी म्हटलं, "तात्या, आधी एक विचारते. पुस्तकात ताट नाही, दिवा आहे. आपली वाडी नाही, कुंभार आहेत. तुम्हाला त्यात तुम्ही कुठे दिसलात?"

मागून कोणीतरी बोललं, "व्हय की. दिवाच हाय. पोरगी वाचत व्हती तवा म्या बी तिथंच व्हतो."

"दिवा काय न् ताट काय," तात्या म्हणाले. "एकच."

"एकच कसं?"

"झाली वकिलीण सुरू," कोंडीबाबा म्हणाले. पण त्यांच्या आवाजात थट्टा अर्धीच होती.

मग मी विचारलं, "आष्ट्याला ताट कोणी धरलं होतं?"

कोंडीबाबा हळूहळू म्हणाले, "ह्यानंच की. नानासोनं. तवा ह्येचं नवीन लगीन झालं व्हतं, ह्येच्या बापानं ह्याच्या हातात दिलं."

"आणि तात्यांनी कोणाच्या ताटातून उचलला?"

"धरणारा कसा उचलंल? दोनी हात ताटाला..."

ते तिथेच थांबले. मी काही केलं नाही, धुळा. म्हातारा माणूस स्वतःचंच वाक्य ऐकत बसला होता. इतकी वर्षं सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट होती ती. लपवलेली नव्हती. फक्त कोणी मोजली नव्हती.

मी म्हटलं, "ताट दुसऱ्या कोणाकडे द्या. तात्यांनी उचलावा. मग माझं काय ते बघू."

कोणी उठेना. मग आई उठली. खांबाला धरून उठली, गुडघ्यांमुळे वेळ लागला. पुढे गेली आणि हात पुढे केले. "आना हिकडं."

"तानुबाय, बाईमाणूस ताटाला हात लावत न्हाई," कोणीतरी म्हणालं.

"मग तुमच्यात कोण उठतंय? उठा की. न्हाई ना? आना हिकडं, भावजी. तुमचं हात कापत्यात."

आईने ताट घेतलं. तिच्या त्या दुखऱ्या बोटांनी. ताट तिच्या हातात जराही हललं नाही.

तात्यांनी ताटाकडे बघितलं, मग देवाकडे, मग दाराकडे. म्हणाले, "एवढ्याशासाठी देवाला उठवायचं न्हाई."

मी ते वाक्य याआधी एकदाच ऐकलं होतं.

आई म्हणाली, "ह्ये बोल माझ्या मालकाचं हायत." ओरडली नाही. एखाद्याने आपली घोंगडी चुकून नेली तर सांगावं तसं सांगितलं. "तवा त्यो ह्येच बोलला, आन् तुमी काय म्हणाला व्हता, भावजी? म्या पोराला घिऊन मागं हुबी व्हते. तुमी म्हणाला, खरा मानूस देवाला कशाला भिईल."

तात्या बाहेर पडले. पुढचं तू पाहिलंस. चपला न घालता तुझ्या समोरून गेले. तुझ्याशी काही बोलले का? मी बघत होते, पण तुझी पाठ होती.

कोंडीबाबांनी मला विचारलं, "मग एडका नानासोनंच नेला म्हणायचा?"

"मला माहीत नाही."

"पुस्तकात तर सांगितलंस!"

"पुस्तकात चोर सापडावाच लागतो, बाबा. नाहीतर पोरं मला शिव्या देतात."

मी भंडारा उचलला नाही. नंतर त्याची कोणाला आठवणही झाली नाही.

आता, आत बोलले नाही ते लिहिते. वाडी आज रात्रीपासून तात्यांना चोर म्हणायला लागेल. तूही म्हणशील, आणि तुला फार बरं वाटेल. मला देवळात क्षणभर वाटलं तसं. पण तात्यांनी उचलला नाही, एवढ्यावरून ते चोर ठरत नाहीत. ठरत असतील तर आबाही ठरतो. ठरत नसतील तर आबाही नाही. हे एकच वाक्य आहे, धुळा. यातला सोयीचा अर्धा भाग तुला मिळणार नाही. मलाही नाही. ते चिडून का उठले ते त्यांना विचार, दहादा विचार, तो तुझा हक्क आहे. पण त्यांच्या ओसरीवरून माणसं उठवू नकोस.

पुस्तक आहे तसं राहील. नवी आवृत्ती निघतेय, एक शब्द बदलणार नाही. तिसरी प्रत प्रांजलच्या हातात दिली आहे, सगळ्यांदेखत. ती बंबात जाणार नाही.

ताट आईने पदराखाली झाकून घरी नेलं. कोणी अडवलं नाही. तुला ते घरात यायला हवं होतं, ते आलंय. तू घरात शिरशील तेव्हा चुलीमागच्या फळीवर असेल. यात्रेला धर. मी येईन. पण कोणापुढे करण्याआधी ते दुसऱ्याच्या हातात दे, आणि पहिली चिमूट तू उचल. मग ज्याला विचारायचं त्याला विचार.

आणि एखादा नाही म्हणाला, तर त्याला भाकरी वाढ.

अक्का